मागची गल्ली, बाई नंबर सात

"तुम्ही तिला हाकललंत. का हाकललंत हे विचारायला मी आले, तर मलाही हाकललंत. एकदा नाही, तीनदा."

पालिकेच्या दप्तरखान्याच्या खिडकीचे गज धरून बाई बोलत होत्या. पलीकडचा कारकून जेमतेम पंचविशीचा. तो म्हणाला, आजी, तेव्हा माझा बापही जन्मला नव्हता. आजी कुणाला म्हणतोस, बाई म्हण, चाळीस वर्षं गणित शिकवलंय, असं त्यांनी त्याला सुनावलं. कारकून उठला. चौथ्या अर्जानंतर का होईना, फाईल सापडली होती. ती आणायला तो कपाटांमागे गेला आणि बाई बाकावर टेकल्या.

त्यांना एवढंच हवं होतं, की मागच्या गल्लीत सफाईला येणारी मावशी यायची का थांबली. बासष्ट वर्षं हे कुसळ मनात सलत होतं.

तेव्हा गावात नळ घरात आले नव्हते. प्रत्येक घरामागे उंच चौथऱ्यावर संडास. वर भोक पाडलेली फळी, खाली पत्र्याचा डबा, आणि मागच्या गल्लीच्या बाजूला एक झडप. सकाळी हातगाडी घेऊन बाई यायची, झडप उचलायची, डबा उपसायची. घाण ती घाणच, तिला आता अत्तर लावायचं कारण नाही. घरच्यांच्या लेखी ती बाई म्हणजे नुसता झडपेचा खडखडाट होता. गल्लीच्या तोंडाला पालिकेची पाटीच होती: सफाईवाल्यांनी पुढच्या दाराने येऊ नये, घरच्यांशी बोलू नये.

शिंप्याची नऊ वर्षांची पोर मात्र वर बसून पाढे म्हणायची. घरात सहा भावंडं, निवांत जागा म्हणावी तर ही एकच. वर चुकलं की खालून दुरुस्ती यायची.

"शहात्तर नाही गं. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. पुन्हा म्हण, मग उठ."

मावशीला अक्षरओळख नव्हती. गल्लीतल्या चार घरांत चार पोरं पाढे घोकायची. त्यांच्या खाली ताटकळत उभी राहून ती तेविसापर्यंत शिकली होती. पोर उठताना डब्यात राख टाकायची आणि खालून आवाज यायचा, शहाणी गं माझी बाय. आईच्या कानावर हे गेलं तेव्हा पोरीच्या पाठीत धपाटा बसला. दुसऱ्या दिवसापासून ती हळू आवाजात पाढे म्हणू लागली, एवढाच काय तो फरक. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आता बाईंच्या घरी पांढऱ्या फरश्यांचा संडास आहे, बटण दाबलं की सगळं जातं. आत बसून त्या अजून पाढे पुटपुटतात. मुद्दाम चुकूनही पाहतात. खालून कुणी काही बोलत नाही.

एका सकाळी वरून पाढा आला नाही. मावशीनं झडप उचलली. डब्यात तांदळाच्या धुवणासारखं पाणी होतं. आयुष्य डबे उपसण्यात गेलेल्या बाईला ते वाचायला शाळा लागत नाही. तिनं गाडी तिथंच टाकली, गल्लीला वळसा घातला आणि पुढच्या पायऱ्या चढून थेट घरात शिरली. घरचे म्हणत होते, काहीबाही खाल्लं असेल, उतरेल संध्याकाळपर्यंत. तिला दारात पाहून आईनं आकांत मांडला.

"ओरडायचं ते नंतर ओरडा. ही पटकी आहे. पोरीला उचला."

बाप पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावला. त्या अर्धवट शुद्धीत पोरीनं मावशीला पहिल्यांदा पाहिलं. समोरचा एक दात तुटलेला होता. इतक्या लवकर कुणी ओळखलं, असं डॉक्टरनं विचारलं, तेव्हा बाप म्हणाला, आमच्याकडे मागच्या दारी एक मोठ्या डॉक्टरीणबाई येतात.

बारा दिवसांनी पोर घरी आली. फळीवर बसून तिनं मोठ्यानं तेराचा पाढा सुरू केला. खालून पुरुषाचा खोकला आला. झडप आपटली आणि गाडी पुढे गेली. आई म्हणाली, बदली झाली असेल. बाप म्हणाला, अशा बाईला बढतीच दिली असणार. घरानं ते खरं मानलं.

कारकून फाईल घेऊन आला. आत दोनच कागद होते. वरचा त्यानं वाचून दाखवला. मागची गल्ली, बाई नंबर सात. नियम मोडून पुढच्या दाराने घरात शिरली, घरच्यांशी बोलली. कामावरून काढण्यात येत आहे. पुरावा सोबत जोडला आहे.

तिचं नाव कुठं आहे, बाईंनी विचारलं. नाव नाही, तो म्हणाला, नंबरच आहे.

शेजारच्यांपैकी कुणीतरी चुगली केली असणार, असं मनाशी म्हणत बाईंनी दुसरा कागद उलटला. वहीचं पान होतं. डाव्या बाजूला पट्टीनं आखलेला समास, टपोरं अक्षर. पहिली ओळ वाचायच्या आधीच त्यांनी अक्षर ओळखलं, त्यांचं स्वतःचंच होतं. बापाला लिहिता येत नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर त्यानं पोरीच्या मांडीवर वही ठेवली होती आणि एकेक शब्द सांगितला होता. 'साहेब, आपल्या बाई पुढच्या दाराने धावत आल्या, आम्हाला सावध केले, म्हणून आमची मुलगी वाचली. त्यांचा मान व्हावा ही विनंती.' पत्र द्यायला बाप स्वतः गेला होता, धुतलेला सदरा घालून.

पत्राखाली लाल शाईत साहेबाचा शेरा होता: गुन्हा सिद्ध.

बाई, पाणी देऊ का, कारकुनानं हळूच विचारलं. बाईंनी पाणी नको म्हटलं, कोरा कागद मागितला. खिडकीच्या फळीवरच त्यांनी पाचवा अर्ज लिहिला. नावगाव, तारीख, विषय काही नाही. फक्त दोन ओळी.

'ती पुढच्या दाराने आली नसती, तर तुम्हाला हा पुरावा लिहून द्यायला मी जिवंत राहिले असते का? उत्तर लेखी द्या.'