उम्म अदहमची कॉफी

“माझ्या कॉफीत साखर नको,” सिहाम म्हणाली. “डॉक्टरांनी बंद केलीय.”

“मग पाणी पी,” उम्म अदहमने सुनावलं. “या घरात कडू कॉफी होत नाही. ती मयताच्या घरी देतात. कोणाच्या सांत्वनाला आलीयस का?”

सिहामने मुकाट्याने गोड कॉफी घेतली. शेजारणीपुढे तिचं कधीच काही चालत नसे.

दोघी वाट पाहत होत्या. अमेरिकेच्या संसदेने इथल्या सशस्त्र संघटनेवर आर्थिक निर्बंध घालणारा आणखी एक कायदा केला होता. असा कायदा आला की पाठोपाठ माणसांच्या नावांची नवी यादी येई, आणि दरवेळी तिच्यात उम्म अदहमच्या लेकाचं, अदहमचं नाव असे.

अदहम संघटनेत गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना फोन. संघटनेच्या लोकांना विचारावं, तर ते हात वर करत. गाव मात्र तिला अजून लेकाच्याच नावाने हाक मारी, उम्म अदहम, अदहमची आई.

“बँकेने तुझंसुद्धा खातं बंद केलं,” सिहाम करवादली. “मेले अमेरिकेवाले! त्या हाजी मुईनचं नाव यादीतून काढलं, तेही त्याचं दफन झाल्यावर. माणूस मातीत गेल्याशिवाय पाठ सोडत नाहीत.”

“खातं गेलं तर गेलं,” उम्म अदहम म्हणाली. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

एरवी यादी निघाली की ती उतारावरच्या औषधाच्या दुकानात जाई. दुकानदार गझवान इंग्रजी वाचून सांगे. अदहमचं नाव आलं की ती डोळे मिटून छातीवर हात ठेवी आणि घरी येऊन त्याच्या आवडीची मुलुखियाची भाजी शिजवी. बायका हळहळत.

आज गझवान स्वतःच धापा टाकत वर आला.

“मावशी, तोंड गोड करा! अदहमचं नाव नाही! काढून टाकलं!”

सिहामने तिला मिठीच मारली. “आता येईल गं तुझा लेक! कोण अडवणार त्याला?” मग तिने खिडकीतून साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं. बायका धावत आल्या. कोणी बकलावाचं ताट आणलं, कोणी आनंदाने किलकाऱ्या दिल्या.

“नीट बघितलंस ना रे, बाळा?” उम्म अदहमने विचारलं.

“अल्लाशपथ, मावशी. परत परत बघितलं.”

तिने मान हलवली. दारात जाऊन चढणीच्या रस्त्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली. नऊ वर्षं ती त्या रस्त्याकडे बघत आली होती. मग तिने दार लोटून घेतलं.

“बसा गं सगळ्या. कॉफी आणते.”

ती ट्रे घेऊन आली आणि एकेकीच्या हातात कप देत गेली.

सिहामने घोट घेतला आणि हसली. “शेवटी माझ्यासाठी बिनसाखरेची केलीस तर!”

“सगळ्यांसाठी केलीय,” उम्म अदहम म्हणाली.