आपल्या मुलखाचं गाणं

उत्तरेकडच्या बर्फाळ अकिताहून तोक्योत आलेल्यांच्या मेळाव्यात म्हाताऱ्या कुदो मिस्त्रींनी तामोत्सूच्या हातात माइक दिला. "दरवर्षी मागे उभा राहून नुसते ओठ हलवतोस. आज आपल्या मुलखाचं गाणं एकट्यानं म्हण." तीस वर्षांपूर्वी मिस्त्री फक्त अकिताचीच पोरं सुतारकामाला ठेवायचे, म्हणून दक्षिणेकडच्या तोसाहून आलेला उपाशी तामोत्सू खोटं बोलला होता. पहिली ओळ कशीबशी निघाली, पुढची येईना. घामानं माइक निसटू लागला. शेवटी तो वाकला. "माफ करा मिस्त्री. मी अकिताचा नाही." "ठाऊक आहे. पहिल्याच बर्फात नाचला होतास. अकिताचा माणूस बर्फ बघून फावडं शोधतो." हशा पिकला. "आता तुझ्या गावचं म्हण. आम्ही ताल धरतो." तामोत्सूनं तोंड उघडलं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून इतकी वर्षं गिळलेलं ते गाणं आता त्यालाही आठवेना.