हवेतली फेरी

लाकूड कोरायच्या मशीनवर बायको प्रत्येक कामाआधी एक फेरी हवेतच, लाकडाला न टेकता, फिरवून बघायची. ती गेली, तरी मशीन आपोआप आधी हवेत फिरायचं. मला वाटायचं, तिनेच सॉफ्टवेअरमध्ये तसं लावून ठेवलंय.

मग मशीन चालवणारा कंप्युटर बिघडला, आतलं सॉफ्टवेअरही गेलं. लेकीने तीन नवी सॉफ्टवेअर दाखवली. दोन महिने झाले, मी एकही निवडेना.

"स्थळं बघताय का, बाबा? करा की एक पसंत!"

"त्यात आईची फेरी नसेल गं."

"बघू तरी," म्हणत तिने पहिलं सुरू केलं. मशीनचं टोक वर उचललं गेलं आणि हवेत सावकाश फिरू लागलं.

लेक पांढरीफटक पडली. "बाबा, मशीन कंप्युटरला जोडायची केबल अजून माझ्या हातात आहे."

माझा जीव भांड्यात पडला.

"मग कुठलंही चालेल," मी म्हणालो.