शेवटची अंघोळ

वाशीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह सकाळी अर्धा तास उघडायचा, मग कुलूप. सेक्रेटरी रावसाहेब कुणाचं ऐकायचे नाहीत. एकच सवलत त्यांनी स्वतः मीटिंगमध्ये भांडून मंजूर करून घेतली होती. "बिल्डिंगमध्ये कुणी गेलं, तर वॉल्व्ह उघडायचा. शेवटच्या अंघोळीला तरी माणसाला पाणी मिळालं पाहिजे."

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात रावसाहेबच गेले. वॉल्व्ह उघडला आणि घरोघरी पिंपं भरायला लागली. त्यांचा मुलगा मोरीत गेला तोवर टाकी रिकामी झाली होती. बादली घेऊन तो तसाच खालच्या काशीबाईंकडे गेला.



"देवमाणूस होते रे तुझे बाबा," काशीबाईंनी एका हाताने डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हाताने भरल्या पिंपावर झाकण सरकवलं.