झिजणारी टोकं

"तुमच्या मेंदूतून काढलेल्या ट्यूमरची टोकं झिजत चालली होती," डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत म्हणाल्या, आणि माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती येवल्यात पैठणीच्या पदरांना गोंडे बांधते. टोक झिजलं की वस्त्र वाया गेलं, एवढंच तिला ठाऊक. आताही मी माझ्या डोक्याच्या टाक्यांवरून घेतलेल्या लेकीच्या ओढणीचे सुटे दोरे ती बसल्या बसल्या वळून त्यांचे गोंडे बांधत होती.

"अहो, रडताय काय? चांगली बातमी आहे!" बाईंनी त्या ओढणीचंच टोक हातात धरलं. "पेशीच्या आत धागे असतात, त्यांनाही अशी टोकं असतात. एका पेशीच्या दोन झाल्या की ती थोडी झिजतात. फार झिजली की पेशी वाढायची थांबते. वाईट ट्यूमर टोकं पुन्हा पुन्हा नवी करून घेतो, म्हणून तो थांबतच नाही. तुमच्या ट्यूमरला ते जमत नव्हतं. तो परत यायची भीती फार कमी आहे."

बायकोनं डोळे पुसले. "म्हणजे मेल्याला गोंडे बांधता येत नव्हते?"

"अजिबात नाही!"

ती एवढ्या मोठ्यानं हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

दुसऱ्याच्या दारातल्या पडद्याचा सुटा दोरा पाहूनही जिचे हात शिवशिवतात, ती परतताना एसटीत खिडकीशी बसून ओढणीचे सगळे गोंडे सोडवत राहिली.

"अगं, धागे निघतील ना!" मी म्हटलं.

"निघू देत," ती म्हणाली. "आज निघू देत."