वजनाला हात लावायचा नाही

पंचांनी रूपाचा हात उंचावला आणि तिच्याबरोबर आलेल्या शिरपूरच्या पोरींनी धुळ्याचं ते सभागृह डोक्यावर घेतलं. झुंबरबाईलाही टाळ्या वाजवायच्या होत्या. पण उजवा हात काही वर येईना, म्हणून तिनं डाव्या हातानं मांडीच थोपटली. लेक जिंकली होती, राज्याच्या स्पर्धेला जाणार होती, आणि आईला मात्र आधी कुठंतरी आडवं व्हावं असं वाटत होतं. त्याची तिला लाजही वाटली.

"पाहिलंत अक्का?" योगेंद्र सर रिंगपासून थेट तिच्याकडेच आले. खेळली रूपा होती, पण घाम सरांना जास्त आला होता. "तिसऱ्या फेरीतही हात कसे सुटत होते! पंधरा दिवसांपूर्वीच सगळ्या पोरींना बजावलं होतं मी, फायनल होईपर्यंत वजनाला हात लावायचा नाही. वजनं उचलली की खांदे आखडतात, ठोसा निघायलाच उशीर होतो. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

हरलेल्या मुलीचे शिक्षक, जळगावचे बॉक्सिंगचे प्रशील सर, शेजारीच सामान आवरत होते. त्यांना हे झोंबलं. "एका लढतीवरून काय सांगता, सर? माझी पोरगी रोज वजनं मारते, म्हणून तर तुमच्या पोरीचे एवढे ठोसे खाऊन शेवटपर्यंत उभी राहिली."

"उभी राहिली, पण हात वर येत होते का तिचे?"

झालं, दोघांची जुंपली. एक म्हणे ताकद, दुसरा म्हणे चपळाई. झुंबरबाईच्या डोक्यावरून सगळं चाललं होतं. रूपा येऊन शेजारी टेकली, तसं तिनं पदराच्या टोकानं लेकीचा फुटलेला ओठ टिपला.

"राज्य स्पर्धा महिन्यावर आहे," योगेंद्र सर मध्येच वळून म्हणाले. "रूपा, महिनाभर तोच नियम. बिलकूल मोडायचा नाही."

झुंबरबाईचा पदर लेकीच्या ओठावरच थांबला. "सर, पंधरा दिन कसातरी निंघी ग्यात," ती म्हणाली. "आते आखो महिनाभर कसं व्हई?"

"त्यात काय अवघड आहे, अक्का? जिमकडे फिरकायचं नाही, बस."

"जिम? ती कोठे जास जिममा? ती ते स्लॅबवर जास, काँक्रीटनं घमेलं उचलाले."

सरांना काही उमगेना. मग रूपानंच मान खाली घालून सांगितलं. स्लॅब भरणाऱ्या टोळीत दर घराला एकच जागा असते. आधी ती आईची होती. दोन वर्षांपूर्वी आईचा खांदा गेला, तेव्हापासून रूपा उभी राहायची. जागा दोन दिवस रिकामी राहिली की तिसऱ्या दिवशी तिथं दुसरी बाई आलेली असते. "तुम्ही म्हणालात, वजनाला हात लावायचा नाही. मग पंधरा दिवस माझ्या जागी माय गेली." सरांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. घमेलं म्हणजे वजन नव्हे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

"अगं, मी जिममधल्या वजनांचं म्हणत होतो!" सर जवळजवळ ओरडलेच. "घमेल्याचं कुठं म्हटलं होतं मी?"

"मंग घमेलं उचलीसन काही व्हत नही?" झुंबरबाईनं पटकन विचारलं. पंधरा दिवस फुकट गेले असते तरी आता तिला चाललं असतं. "सांगा ना, सर. उचलू की नको उचलू तिनी? तुमी सांगशात तसं."

जिमबद्दल सर तासभर बोलले असते. पण दिवसभर डोक्यावरून काँक्रीट वर चढवणाऱ्या पोरीचे खांदे आखडतात की घडतात, हे त्यांना कुठल्याच शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी प्रशील सरांकडे पाहिलं. मघापासून हमरीतुमरीवर आलेल्या त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मीच जासू सकायले," रूपा आईला म्हणाली. "तू नको आते, माय."

झुंबरबाईनं लेकीच्या खांद्यावर बोटं ठेवून दाबली. दोन वर्षं तेल चोळताना तिथं गाठी लागायच्या, बोराच्या आठोळीएवढ्या. आज बोट सहज आत गेलं. पोरीचा खांदा पुन्हा पोरीसारखा झाला होता. तिला फार बरं वाटलं, आणि त्याबरोबर रडूही आलं.

"सर," ती हलकेच म्हणाली, "तिले सांगा, नही उचलानं. मनं ती आयकत नही. तुमनं आयकस."

योगेंद्र सरांनी हातातला ग्लोव्ह उलटसुलट केला. "रूपा," ते शेवटी म्हणाले, "महिनाभर वजनाला हात लावायचा नाही." आवाजात मघाचा जोर नव्हता.

"घमेल्यालाही?"

"घमेल्यालाही."

झुंबरबाईनं पिशवीतून मोबाइल काढला आणि मुकादमाला फोन लावला.

"सुपडूनाना, मी झुंबर बोलस. सकायले आमनी जागा धरी ठेवा. नही, पोर नही. हाव, मीच इसू. महिनाभर मीच."