खांबेटेंची वाटी

आइस्क्रीमच्या नव्या दुकानात जेलाटोच्या काचेसमोर मी पिशवीतून स्टीलची वाटी काढली. "कपाऐवजी यात दे गं." काउंटरवरच्या मुलीला हसू आलं, पण तिने वाटी घेतली. "बसा आजी, झालं की हाक मारते."

वाटी माझी नव्हती. खालच्या उषाने मागच्या उन्हाळ्यात या वाटीतून कैरीचं लोणचं पाठवलं होतं. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून काहीतरी चांगलं करून देऊ म्हणत राहिले. तेवढ्यात उषाच गेली. मुलाने तळमजल्यावरचा तिचा फ्लॅट विकला आणि परवा तिथे हे दुकान सुरू झालं.

वॉफलचं मशीन बरोबर तिच्या ओट्याच्या जागी मांडलंय. जिथून दाणे भाजल्याचा वास यायचा, तिथून आता व्हॅनिलाचा येतो. सगळी टेबलं कॉलेजच्या मुलांनी भरलेली. मी खिडकीपाशी एकटीच बसले.

"उषा खांबेटे," मुलीने हाक मारली. वाटीवर कोरलेलं नाव वाचलं असणार तिने.

मी चटकन आतल्या दाराकडे पाहिलं. जिन्यातून मी हाक मारली की याच दारातून "आले गं" ऐकू यायचं, आणि मागोमाग पदराला हात पुसत ती.

दारात कुणीच आलं नाही.

"उषा खांबेटे कोण आहे?" मुलीने पुन्हा विचारलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"आले गं," मी म्हणाले आणि उठले.